पाइनला पाणी किती लागते?

उन्हाळी सहली आटोपून परतलेल्या वाचकांच्या पत्रांत या खेपेस पाइनच्या झाडांविषयीचे प्रश्न बरेच आहेत. एकाच्या उत्तरात दुसऱ्याचे उत्तर दडलेले असल्याने ते सारे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही कालक्याहून शिमलामार्गे किन्नौरला गेलो. सोलनपर्यंतचे डोंगर चीडने भरलेले होते. शिमला, नारकंडा भागात वेगळाच निळसर पाइन दिसला. पुढे सतलजच्या काठाने जाताना डोंगर रखरखीत होत गेले आणि रिकांगपिओच्या आसपास त्या कोरड्या खडकांतही पाइनच! ड्रायव्हर म्हणाला, हा चिलगोजा. पाऊस एवढा बदलत गेला, तरी झाड पाइनचेच कसे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुम्ही पाहिलेली झाडे एकाच प्रजातीतली असली, तरी तिच्या तीन वेगवेगळ्या जाती आहेत. सोलनकडचा चीड साधारण पाचशे ते दोन हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात वाढतो. त्याच्या सुया तीन-तीनच्या झुबक्यात असतात आणि वीतभर किंवा त्याहूनही लांब वाढतात. निळसर दिसला तो कैल. त्याच्या झुबक्यात पाच सुया, बारीक आणि खाली लोंबणाऱ्या. चिलगोज्याच्या सुया पुन्हा तीन, पण आखूड आणि ताठ. त्याची साल पापुद्र्यांनी सुटते आणि खोड करड्या-हिरव्या ठिगळांचे दिसते. वाटेत देवदारही भरपूर दिसला असेल. तो पाइनच्या कुलातला असला, तरी पाइन नव्हे.

ज्या वाटेने तुम्ही गेलात, ती पावसाच्या दृष्टीने उतरत जाणारी वाट आहे. शिमल्याला वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक मोसमी वाऱ्यांचा असतो. मधल्या उंच रांगा ओलांडेपर्यंत ढग रिकामे होतात, म्हणून वरच्या किन्नौरला पावसाळा नावापुरताच. तिथल्या झाडांची भिस्त हिवाळ्यात पडणाऱ्या आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वितळणाऱ्या बर्फावर असते.

जगभरात पाइनच्या शंभरावर जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या उत्तर गोलार्धातल्या. विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला निसर्गतः पोहोचलेली एकच जात, ती सुमात्रा बेटावर. दुसऱ्या टोकाला स्कॉट्स पाइन स्पेन आणि स्कॉटलंडपासून थेट पूर्व सैबेरियापर्यंत पसरला आहे. एवढ्या पसाऱ्यात हिशेब करताना आपण वर्षाचा पाऊस किती, ते आधी विचारतो. पाइनच्या बाबतीत त्याहून कामाचा प्रश्न असा की पाणी कोणत्या महिन्यांत मिळते आणि त्या वेळी थंडी असते की उष्मा. सगळ्या पाइनांचे सुई, लाकूड आणि मूळ साधारण एकाच धाटणीचे. जाती वेगळ्या झाल्या आहेत त्या मुख्यतः वेळापत्रकाने.

प्रश्न : सुईसारख्या पानांमुळे पाणी वाचते, असे आम्हाला शिकवतात. पण नेमके कसे? (इयत्ता नववीतील वाचक, सोलापूर)

उत्तर : पानाचा पृष्ठभाग जेवढा मोठा, तेवढी बाष्प उडून जाण्याची जागा मोठी. सपाट पानात आतला ऐवज थोडा आणि पृष्ठभाग फार असतो, सुईत उलट. चीडचा एक झुबका मिळाला तर त्यातल्या तीन सुया एकमेकींना चिकटवून पाहा. तिन्ही मिळून एक गोल काडी तयार होते, म्हणजे प्रत्येक सुई त्या काडीचा तिसरा हिस्सा आहे. पाच सुयांच्या झुबक्यात पाचवा हिस्सा. अमेरिकेतल्या नेवाडाच्या कोरड्या डोंगरांवर एक पाइन असा आहे की त्याच्या झुबक्यात एकच सुई असते, ती अख्खी गोल. तेवढ्याच ऐवजाला याहून कमी पृष्ठभाग ठेवणे अवघड.

आकाराइतकीच रचना महत्त्वाची. सुईवर मेणाचा जाड थर असतो. त्याखाली जाड भिंतीच्या पेशींचे अस्तर असते, त्यामुळे आतले पाणी कमी झाले तरी सुई लगेच मान टाकत नाही. पर्णरंध्रे, म्हणजे हवा आत घेण्याची आणि बाष्प बाहेर सोडण्याची सूक्ष्म छिद्रे, पृष्ठभागावर उघडी नसतात. ती खोलगट खळग्यांत, सरळ रांगांत बसवलेली असतात आणि खळग्याच्या तोंडाशी पुष्कळदा मेणाचे कण असतात. वारा त्या खळग्यातली दमट हवा सहज उडवू शकत नाही. कैलच्या सुईवर आतल्या बाजूने पांढुरक्या रेघा दिसतात, त्या या रांगांच्याच. त्याचा निळसरपणा बराचसा त्यांच्यामुळे आहे.

या काटकसरीची किंमत मोजावी लागते. जाड, मेणचट सुई रुंद पानाच्या मानाने रोज थोडेच अन्न तयार करते. ही तूट पाइन सुया जास्त काळ राखून भरून काढतो. चीड आपल्या सुया दोन वर्षेही ठेवत नाही, कारण त्याच्याकडे दरवर्षी चार महिने भरपूर पाऊस असतो आणि नव्या सुया परवडतात. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधला ब्रिसलकोन पाइन मात्र एकेक सुई तीस-चाळीस वर्षे वापरतो. नवे पान करण्याइतकी चैन त्याला क्वचितच झेपते.

प्रश्न : उंच झाडात पाणी वर ओढले जाते आणि दुष्काळात त्या नळ्यांत हवा शिरते, असे वाचले. हवा शिरल्यावर झाड मरत कसे नाही? (एक निवृत्त अभियंता, नागपूर)

उत्तर : पाइनचे खरे वैशिष्ट्य याच ठिकाणी आहे. पानांतून बाष्प गेले की पाण्याचा धागा वरून ओढला जातो. माती कोरडी असेल तर ताण वाढतो आणि एका मर्यादेनंतर धागा तुटून नळीत बुडबुडा होतो. ती नळी निकामी होते. ओकसारख्या रुंद पानांच्या झाडांत या नळ्या रुंद आणि लांबलचक असतात. पाणी झपाट्याने वाहते, पण एक नळी गेली की नुकसान मोठे.

पाइनच्या लाकडात नळ्यांऐवजी केसाहून बारीक, काही मिलिमीटर लांबीच्या, दोन्ही टोकांना बंद अशा असंख्य पेशी असतात. पाणी एकीतून दुसरीत जाते ते भिंतीतल्या छोट्या खिडक्यांतून. प्रत्येक खिडकीत एक लवचिक जाळी ताणलेली असते आणि जाळीच्या मध्यभागी एक भरीव चकती. दोन्ही बाजूंना पाणी असेल तर ते जाळीतून पाझरते. एका बाजूच्या पेशीत हवा भरली, की दाबाच्या फरकाने जाळी दुसरीकडे ओढली जाते आणि चकती खिडकीच्या तोंडावर घट्ट बसते. बुडबुडा तिथेच कोंडला जातो. तुमच्या भाषेत सांगायचे, तर प्रत्येक जोडावर आपोआप बंद होणारी झडप आहे, तीही एका झाडात कोट्यवधींच्या संख्येने.

बारीक पेशींचा दुसरा फायदा थंडीत होतो. पाणी गोठताना त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. रुंद नळीत बुडबुडा मोठा होतो आणि बर्फ वितळल्यावरही टिकतो. बारीक पेशीतला बुडबुडा एवढा लहान असतो की तो पुन्हा पाण्यात विरघळून जातो. म्हणून रोज रात्री गोठून रोज दुपारी वितळणाऱ्या डोंगरातही पाइनचे लाकूड वसंतात कामाला तयार असते. कोरडेपणा आणि गोठणे या दोन्हींवर एकच बांधणी उपयोगी पडते, हे पाइनच्या जगभरच्या पसाऱ्याचे एक मोठे कारण आहे. अर्थात बारीक पेशींतून पाणी सावकाश वाहते. वर्षभर ऊब आणि ओल असलेल्या सुपीक सखल जंगलात रुंद पानांची झाडे पाइनला मागे टाकतात, ती त्यामुळेच.

प्रश्न : पाणी किती यापेक्षा केव्हा महत्त्वाचे, असे तुम्ही मागेही एकदा झाडांबद्दल लिहिले होते. पाइनची काही उदाहरणे द्याल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : चार ठिकाणची देतो.

पहिले इस्राएलच्या दक्षिणेकडचे यातीर. नेगेव वाळवंटाच्या काठावर १९६४ पासून अलेप्पो पाइनचे जंगल लावले गेले. वर्षाला पाऊस २८० मिलिमीटरच्या आसपास, तोही फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्यात एक थेंब नाही. वाइझमन संस्थेचे शास्त्रज्ञ २००० सालापासून तिथे मनोऱ्यावर बसवलेल्या उपकरणांनी झाडांचा श्वास आणि बाष्प मोजत आहेत. इतर जंगलांत अन्न तयार करण्याचा मोसम उन्हाळा असतो. यातीरचे पाइन मात्र हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंताच्या सुरुवातीला, माती ओली आणि हवा थंड असताना, सगळ्यात जोमाने काम करतात. उन्हाळ्यात पर्णरंध्रे सकाळी थोडा वेळ उघडतात आणि दिवसभर जवळजवळ मिटलेली राहतात. थंड हवेत तेवढेच अन्न करायला पाणी कमी खर्च होते, म्हणून एवढ्याशा पावसात जंगल उभे राहू शकले.

दुसरे उदाहरण अगदी उलट, व्हाइट माउंटन्समधल्या ब्रिसलकोन पाइनचे. तीन हजार मीटरच्या वरची उंची, वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास पाणी आणि तेही बहुतेक बर्फाचे. हिवाळा इतका कडक की त्या काळात काम अशक्य. बर्फ वितळल्यावर उन्हाळ्यातले काही आठवडे एवढाच वाढीचा हंगाम. एडमंड शुलमन यांनी १९५७ मध्ये इथल्या एका झाडाच्या लाकडातली वर्तुळे मोजली, तेव्हा ते साडेचार हजार वर्षांहून जुने निघाले. ‘मेथुसेला’ हे ते झाड आज ४,८०० वर्षांच्या पुढे आहे. सर्वांत जुनी झाडे सापडली ती चांगल्या जमिनीत नव्हे, तर सर्वांत कोरड्या, खडकाळ उतारांवर. तिथे वाढ संथ, लाकूड घट्ट आणि राळेने भरलेले, त्यामुळे कीड आणि बुरशी यांना शिरकाव कठीण. शिवाय खोडाचा मोठा भाग मेला तरी सालीची एखादी पट्टी जिवंत राहते आणि तिच्यावर थोड्या फांद्या जगतात. झाड आपला व्याप पाण्याच्या बेताचा करून घेते.

तिसरे कॅनरी बेटांचे. आफ्रिकेच्या वायव्येला अटलांटिक महासागरात ही बेटे आहेत. टेनेरीफसारख्या बेटांच्या डोंगरांवर व्यापारी वारे ढगांचा पट्टा आणून टेकवतात. पाऊस मोजमापात दिसतो त्याहून जास्त पाणी जमिनीला मिळते, कारण धुके कॅनरी पाइनच्या लांब सुयांवर अडते, थेंब होतात आणि झाडाखाली ठिबकत राहतात. उन्हाळ्यात पाऊस नसतानाही झाडाखालची माती ओली राहू शकते. हा कॅनरी पाइन आपल्या चीडचा अगदी जवळचा नातलग आहे. दोघांच्याही झुबक्यात तीन लांब सुया, दोघांचीही साल जाड. एकाला उन्हाळ्यातल्या मोसमी पावसाची सवय, दुसऱ्याला हिवाळी पाऊस आणि धुक्याची. मधले हजारो किलोमीटर या नात्यातली कोणतीही जात आज नाही.

चौथे उदाहरण तुमच्या-आमच्या देशातले, चीडचे. हिमालयाच्या पायथ्याला पाऊस चार महिने, मग पुढचा पावसाळा येईपर्यंत कोरडे. सर्वांत वाईट काळ एप्रिल ते जून. याच महिन्यांत चीड जुन्या सुया मोठ्या प्रमाणावर टाकतो. नव्या सुया त्याआधी फुटू लागलेल्या असतात आणि पावसाळा सुरू होतो तेव्हा ताज्या, पूर्ण क्षमतेच्या सुया झाडावर तयार असतात. जमिनीवर पडलेल्या सुयांच्या तपकिरी थराला कुमाऊँ-गढवालात पिरूल म्हणतात. मे महिन्यातल्या वणव्यांचे ते मुख्य जळण. चीडच्या जाड सालीमुळे मोठे झाड या आगीतून बहुधा वाचते, त्याच्या भोवतालची लहान रोपे वाचत नाहीत.

प्रश्न : शिलाँगला तर प्रचंड पाऊस, तरी पाइन! दलदलीतही पाइन येतो का? (एक वाचक, सध्या गुवाहाटी)

उत्तर : शिलाँगचा खासी पाइन उतारांवर वाढतो. पाणी पडते भरपूर, पण वाहून जाते आणि हिवाळा कोरडाच असतो. सोहरा, म्हणजे चेरापुंजीला वर्षाला अकरा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि हिवाळ्यात लोक पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करतात, हे तुम्ही तिकडे पाहिले असेल. पाइनही त्या चार-पाच कोरड्या महिन्यांच्या हिशेबाने राहतो.

दलदलीत अडचण पाण्याची नसते, हवेची असते. पाण्याने भरलेल्या मातीत प्राणवायू जवळपास नसतो आणि मुळे गुदमरतात. तरी काही जाती तिथे टिकतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचा लॉजपोल पाइन त्यांतला प्रसिद्ध. त्याच्या मुळांच्या गाभ्यात हवेच्या पोकळ्या असतात आणि वरून आलेला प्राणवायू त्यांतून खाली पोहोचतो. ब्रिटनमध्ये दलदलीच्या काळ्या मातीत वनखात्याने तो लावला, त्यामागे हा गुण होता. अमेरिकेच्या कॅरोलिना किनाऱ्याजवळच्या पाणथळ झुडपांत पाँड पाइन वाढतो. स्कॉट्स पाइन दलदलीत जगतो, पण खुरटून. शंभरी ओलांडलेले झाड मनगटाएवढ्या खोडाचे असू शकते. तोच स्कॉट्स पाइन कोरड्या वाळूत सरळसोट वीस-पंचवीस मीटर वाढतो.

मुळांचा विषय निघालाच आहे, तर अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या लाँगलीफ पाइनचे सांगितले पाहिजे. त्याचे रोप पहिली काही वर्षे उंच वाढतच नाही. गवताच्या झुबक्यासारखे जमिनीलगत बसून राहते. त्या काळात ते सोटमूळ वाळूत खोल उतरवते. पाण्याची सोय झाली, की मग खोड झपाट्याने वर जाते.

प्रश्न : एवढी सोय असेल, तर पाइन दुष्काळाने मरतच नसेल? (एक वाचक, लातूर)

उत्तर : मरतो, आणि कधी कधी त्याच्या सावधपणामुळेच मरतो.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोराडो आणि यूटा या राज्यांत पिन्यॉन पाइन आणि ज्युनिपर ही झाडे शेजारी शेजारी वाढतात. माती सुकू लागली की पिन्यॉन लवकर पर्णरंध्रे मिटतो. ज्युनिपर ती उघडी ठेवतो आणि बराच जास्त ताण सोसतो. छोट्या दुष्काळात पिन्यॉनचे धोरण बिनधोक असते. पण रंध्रे मिटली की बाष्पाबरोबर अन्न तयार करणेही थांबते. टाकीतले पाणी वाचवायला चूलच पेटवायची नाही, असे ठरवले तर घर आठवडाभर निभावेल; वर्षभर नाही.

२००२-०३ मध्ये त्या भागात कडक दुष्काळ पडला. न्यू मेक्सिकोतल्या एका अभ्यासक्षेत्रात नव्वद टक्क्यांहून जास्त पिन्यॉन मेले. ज्युनिपर मोठ्या संख्येने वाचले. साठवलेले अन्न संपत आल्यावर झाडाला राळही पुरेशी करता येत नाही आणि राळ हेच साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांविरुद्ध त्याचे शस्त्र. शेवटचा घाव बहुतेक ठिकाणी भुंगेऱ्यांनी घातला. अभ्यासकांनी लक्ष वेधले ते एका तुलनेकडे. १९५० च्या दशकातल्या दुष्काळात त्याच भागात पाऊस याहूनही कमी पडला होता. फरक तापमानाचा होता. नंतरचा दुष्काळ अधिक उष्ण होता. गरम हवा मिटलेल्या सुईतूनही पाणी खेचत राहते आणि जिवंत राहण्यासाठी लागणारा अन्नाचा खर्च वाढवते. लातूरकरांना हे वेगळे सांगायला नको की दुष्काळ फक्त पावसाच्या आकड्याने मोजता येत नाही.

प्रश्न : उत्तराखंडात गावकरी सांगत होते, चीडमुळे झरे आटले. एकीकडे पाइन काटकसरी म्हणता; मग हे कसे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : गावकऱ्यांची तक्रार जुनी आहे. रेल्वेचे स्लीपर आणि राळ यांसाठी इंग्रजी वनखात्याने चीडला झुकते माप दिले. १९५० च्या दशकात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनीही बांज, म्हणजे ओकची जंगले मागे हटून चीड पुढे सरकत असल्याचा इशारा दिला होता.

एक पान काटकसरी असणे आणि अख्खे जंगल काटकसरी असणे यांत फरक आहे. पाइन वर्षभर हिरवा असतो, त्याची मुळे खोल जातात, दाट लावला तर तो मिळेल ते बहुतेक पाणी वापरतो. यातीरमध्ये पडलेला जवळजवळ सगळा पाऊस झाडे आणि जमीन मिळून पुन्हा हवेत सोडतात; झऱ्यांसाठी काही उरत नाही. दक्षिण आफ्रिकेत योंकर्सहूक इथे १९३० च्या दशकापासून ओढ्यांचे प्रवाह मोजले गेले. जिथे मूळची ठेंगणी झुडपे काढून पाइन लावला, तिथे प्रवाह स्पष्टपणे घटले. १९९५ पासून तो देश पाणलोटांतली बाहेरून आलेली झाडे, त्यांत पाइनही, पैसे खर्चून काढत आहे. आपल्याकडे कोडाईकनालला पर्यटक ज्या पाइनच्या जंगलात फोटो काढतात, ते मेक्सिकोतून आणलेल्या पाइनचे लावलेले जंगल आहे. पळणी डोंगरांतली मूळची गवताळ माळराने अशाच लागवडींखाली गेली.

उत्तराखंडात मात्र चीड उपरा नाही. दक्षिणेकडे तोंड असलेले, उन्हाने तापणारे, पातळ मातीचे उतार हे त्याचे घरच आहे; बांज सावलीच्या, ओलसर उतारांवर असतो. नैसर्गिकरीत्याच चीड जिथे असतो तिथे झरे कमी असणार. चीडखाली पिरूल वरचेवर पेटते, माती उघडी पडते आणि पावसाचे पाणी मुरण्याऐवजी धावते. बांजच्या पानांचा कुजलेला, भुसभुशीत थर पाणी धरून ठेवतो. तेव्हा नौले आणि धारे, म्हणजे तिथले पाण्याचे झरे, जपायचे असतील, तर दोष एकट्या झाडावर टाकून भागणार नाही. आग, चराई आणि तोडलेला बांज यांचाही हिशेब करावा लागेल.

प्रश्न : कोकणात समुद्रकाठी सुरूची बने आहेत. तो पाइनचाच प्रकार ना? आणि सोसायटीतले ख्रिसमस ट्री? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : दोन्ही नाहीत. सुरू हे फुले येणारे झाड आहे. ज्याला आपण सुई समजतो ती हिरवी, सांधेदार काडी असते. दोन्ही टोके धरून हळूच ओढली तर सांध्यावर सुटते आणि तिथे अगदी बारीक दातेरी पाने दिसतात. पाइनशी नाते नसताना कोरड्या, वाऱ्याच्या, खारट जागेने तिलाही तसेच रूप दिले. आपल्याकडच्या बागांत ख्रिसमस ट्री म्हणून मिळते ते बहुधा ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरचे अरॉकेरिया. ते शंकुधारी आहे, पण वेगळ्या कुलातले.

प्रश्न : बाजारातून आणलेले चिलगोजे पेरले तर नाशिकला उगवतील का? नसतील तर दुसरा कोणता पाइन लावू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बाजारातले चिलगोजे बहुतेक भाजलेले असतात, ते उगवणार नाहीत. कच्चे मिळाले, तरी किन्नौरचा बर्फाळ हिवाळा नाशिकला कुठून आणणार? शिवाय किन्नौरमध्येच शंकू बियांसाठी इतके उतरवले जातात की जंगलात नवी रोपे कमी दिसतात. तिथले बी तिथेच राहिलेले बरे.

चीडचे रोप एखाद्या रोपवाटिकेत मिळेल. ते लावण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे मुळांवरची बुरशी. पाइनची मुळे काही खास बुरशींशी जोडलेली असतात. त्यांचे बारीक धागे मातीतले पाणी आणि स्फुरद झाडापर्यंत आणतात. पोर्तो रिकोमध्ये पाइन लावण्याचे प्रयत्न फसत होते. १९५० च्या दशकात रोपांना ही बुरशी पुरवल्यावर ती तगली. पाइनच नसलेल्या प्रदेशात ही बुरशी मातीत नसते, म्हणून रोप मूळच्या मातीसकट घ्यावे.

दुसरी गोष्ट बी कुठले. फ्रान्समध्ये फिलिप आंद्रे द विल्मोराँ यांनी १८२० च्या दशकात ले बार इथे वेगवेगळ्या देशांतून आणलेले स्कॉट्स पाइनचे बी शेजारी शेजारी लावले. माती आणि पाऊस एकच, तरी झाडे वेगवेगळ्या वेगाने आणि वेगवेगळ्या घडणीची वाढली. टेक्सासमध्ये बॅस्ट्रॉपजवळ लॉबलॉली पाइनचे एक बेट आहे, मुख्य जंगलापासून दीडशेच्या आसपास किलोमीटर पश्चिमेला, बऱ्याच कोरड्या भागात. तिथल्या बियांची रोपे ओलसर भागातल्या बियांच्या रोपांपेक्षा दुष्काळ जास्त सोसतात. काही फरक मात्र बियांत नसतो, झाड तो वाढताना घडवते. वाळवंटाकडेचा पाँडेरोसा पाइन डोंगरातल्या पाँडेरोसापेक्षा पाणी वाहणाऱ्या लाकडाच्या मानाने सुया कमी ठेवतो. मोठे झाड उपटून दुसऱ्या हवेत नेले, तर ही जुळणी लगेच बदलता येत नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हीच गोष्ट नियमात आणली आहे. लागवडीचे बी आता जवळच्या जंगलातलेच असावे असा आग्रह न धरता, पुढे जी हवा येण्याची शक्यता आहे तिला जुळणाऱ्या ठिकाणचे घेतले जाते. तेव्हा रोपवाटिकेत ‘पाइन आहे का’ एवढ्यावर थांबू नका. बी कोणत्या उंचीवरून आणि किती पावसाच्या भागातून आणले, ते विचारा. उत्तर मिळाले नाही, तर त्या खड्ड्यात कडुनिंब किंवा करंज लावा. नाशिकच्या पावसाचे वेळापत्रक त्यांना पाठ आहे.